हातोडी आधी, एमआरआय नंतर

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा कुत्र्यामांजरांच्या मेंदूचा आणि मणक्याचा स्वतंत्र तज्ज्ञ असतो, हे मला ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये ती पदवी थेट चालली नाही. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची वैधानिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच व्यवसाय करता आला. पुढे वर्षभराची इंटर्नशिप, दोनदा नकार आणि मग युरोपियन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी न्यूरॉलॉजीच्या नियमांनुसार तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठीचे प्रशिक्षण, असा क्रम लागला.

आपण शस्त्रक्रिया शिकायला आलो आहोत, अशी माझी समजूत होती; पहिले कित्येक महिने हातात फक्त रिफ्लेक्स (प्रतिक्षिप्त क्रिया) तपासण्याची हातोडी होती. बिघाड मेंदूत आहे की मज्जारज्जूत, आणि मज्जारज्जूत असेल तर नेमका कोणत्या भागात, हे तपासणीवरून कागदावर लिहिल्याशिवाय मला एमआरआय पाहू दिला जात नसे. मुंबईत तोल जाणारा, लाळ गाळणारा कुत्रा समोर आला की आधी रेबीज आणि मग डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार आठवायचा. इंग्लंडमध्ये ही दोन्ही नावे यादीच्या तळाशी जातात. ती सवय माझी पुरती मोडली नाही आणि ते बरेच झाले, असे मला वाटते.

सर्वांत जास्त शिकवले ते डॅशहंडांनी. या जातीत मणक्यांमधली गादी कमी वयातच कोरडी आणि चुनखडीसारखी होते आणि एखाद्या दिवशी फुटून मज्जारज्जूवर आदळते. मागचे पाय लुळे पडलेल्या अशाच एका कुत्र्याचे बोट मी चिमट्याने दाबले, पाय आखडला आणि मी ‘वेदना शाबूत’ असे लिहून मोकळी झाले. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, “त्याने मागे वळून पाहिले का?” त्याने पाहिले नव्हते. पाय आखडणे हे मज्जारज्जूचे स्थानिक काम आहे, मेंदूला त्याचा पत्ता असेलच असे नाही. वेदना वर पोहोचली की नाही, हे मान वळण्यावरून किंवा केकाटण्यावरून कळते. खोल वेदनेची जाणीव असेल, तर शस्त्रक्रियेनंतर 10 पैकी सुमारे 9 कुत्रे पुन्हा चालू लागतात. ती गेलेली असेल, तर साधारण निम्मेच. मालकाला काय सांगायचे, ते त्या एका नजरेवर ठरते.

ड्रिल हाती आले, तेव्हा मणक्याचे हाड रंगांवरून ओळखायला शिकले: आधी पांढरा थर, मग लालसर, पुन्हा पांढरा, आणि तिथे हात हलका करायचा, कारण त्याच्या पलीकडे मज्जारज्जू असतो. हाड तापू नये म्हणून त्यावर सलाइनची धार धरण्याचे काम मी त्याआधी इतके दिवस केले होते, की ते थर मला आधीच पाठ झाले होते.

शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रेसिडेन्सीनंतरची तज्ज्ञपदाची परीक्षा मात्र दुसऱ्या प्रयत्नात सुटली. पहिल्या वेळी मी मांजरांना गृहीत धरले होते.