एका दिवसाची टीम

जुलैत बेळगावचा पाऊस एकदा धरला की सुटायचं नाव घेत नाही. त्या रविवारी शहापुरातल्या आमच्या सोप्यावर आम्ही चौघं अडकलो होतो. थोरले मामा, शेजारचे कानडी शाळेतून निवृत्त झालेले सर, इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या आणि मी. लाइट दुपारपासून गेलेली. पुढ्यात कांदा-तिखट लावलेले चिरमुरे. पुतण्यानं कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची कोरी बाजू शोधून काढली आणि वनडेची आजवरची सगळ्यात भारी टीम काढायचं ठरलं.

सहा नावं पाच मिनिटांत झाली. सचिन, रिचर्ड्स, कोहली, धोनी, कपिल, अक्रम. यात भांडायला काही नसतं, म्हणून मजाही नसते. मग पुतण्यानं मोबाइलवरून आकडे वाचायला सुरुवात केली. सचिनच्या 463 मॅच, 18,426 रन. त्याचा 49 शतकांचा विक्रम कोहलीनं 15 नोव्हेंबर 2023 ला वानखेडेवर मोडला. ऑस्ट्रेलियाच्या बेव्हनची सरासरी 53.58.

मामा इतका वेळ चिरमुऱ्यातले शेंगदाणे वेचत होते. ते एकदम म्हणाले, "सरासरी कशाला सांगालास मर्दा? बँकेचं पासबुक हाय काय ते? वनडे म्हणजे काय? एक दिवस. मग एकेकाचा एक दिवस सांग. ज्याचा दिवस दांडगा, तो टीममध्ये."

पुतण्या हसला, पण सर हसले नाहीत. "हौद्री," म्हणाले, "हे बरोबर आहे." आणि पत्रिकेवरची सहाच्या सहा नावं खोडली गेली.

सचिनवरच अर्धा तास गेला. पुतण्याला ग्वाल्हेरचा दिवस हवा होता, 24 फेब्रुवारी 2010, नाबाद 200. मामांना शारजा. 22 एप्रिल 1998, वाळूचं वादळ, 46 ओव्हरमध्ये 276 चं टार्गेट, आणि फायनलला जायला 237 पुरणार होते. सचिननं 143 मारले, आपण ती मॅच हरलो, पण फायनलला गेलो. पुतण्या म्हणाला, हरलेली मॅच भारी कशी? त्याचा जन्म त्यानंतरचा. त्या रात्री आमच्या गल्लीत हरल्याचं दुःख कुणालाच झालं नव्हतं, हे त्याला कसं पटवायचं? शेवटी मामांनी वयाचा अधिकार वापरला आणि शारजा लिहिलं गेलं.

कपिलच्या बाबतीत वाद नव्हता. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध 17 वर 5 आणि तिथून नाबाद 175. त्या दिवशी बीबीसीचा संप होता असं म्हणतात, आणि त्या खेळीचं चित्रण नाही. म्हणून तर ती दर पाच वर्षांनी थोडी वाढते. मामा सांगतात त्यातले काही सिक्स कपिलनं मारले असतील, काही मामांनी. सरांनी मात्र शांतपणे हिशेब मांडला. बिन्नीबरोबर 60 ची भागीदारी, किरमाणीबरोबर न तुटलेली 126 ची. दोघंही कर्नाटकचे. म्हणजे 266 मधल्या 186 रनच्या वेळी दुसऱ्या टोकाला आमचाच माणूस उभा होता. 'आमचाच' म्हणताना सरांनी माझ्याकडं बघितलं. मी चिरमुरे पुढं केले.

पुतण्याला हा खेळ कळायला लागला तसा तो तयार झाला. मॅक्सवेल, 7 नोव्हेंबर 2023. अफगाणिस्तानविरुद्ध 91 वर 7, पायात गोळे, पळता येईना, तरी नाबाद 201. समोर कमिन्स 68 बॉल खेळून 12 वर. घेतला. मी अरविंद डिसिल्व्हाचा 1996 चा लाहोरचा वर्ल्डकप फायनल टाकला, तीन विकेट, दोन कॅच आणि नाबाद 107. एका माणसानं एका दिवसात आणखी काय करावं? रिचर्ड्सचा ओल्ड ट्रॅफर्डचा 1984 चा दिवस सगळ्यांनी एकदमच म्हटला. 166 वर 9 गेले होते. तिथून होल्डिंगला समोर उभा करून 106 जोडले, त्यात होल्डिंगचे 12. रिचर्ड्स नाबाद 189.

मग माझी पाळी होती आणि माझ्याकडं हुकमाचं पान होतं. गॅरी गिलमोर. पुतण्यानं नाव ऐकलं नव्हतं, मामांनी ऐकलं होतं पण विसरले होते. 1975 च्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला लीड्सवर यानं इंग्लंडच्या 14 रनमध्ये 6 विकेट काढल्या. इंग्लंड 93. मग ऑस्ट्रेलिया स्वतःच 39 वर 6, तेव्हा हाच बॅटिंगला आला आणि 28 बॉलमध्ये 28 काढून मॅच संपवली. तारीख 18 जून. कपिलचीच तारीख, आठ वर्षं आधीची. आणि हा माणूस सगळ्या आयुष्यात वनडे खेळला पाच. सरासरीच्या यादीत असला माणूस दारातून आतसुद्धा येत नाही. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जी त्यांनी माझ्या दहावीच्या निकालालाही मारली नव्हती.

इथवर सगळं गोडीगुलाबीत. मग सरांनी द्रविडचं नाव घेतलं.

आमच्या सोप्यावर द्रविड हा नाजूक विषय आहे. जन्म इंदूरचा, घरची भाषा मराठी, वाढला बंगळूरला, खेळला कर्नाटककडून. मामांच्या मते तो आपला. सरांच्या मतेही तो आपलाच. 1956 पासून या भागात कुठलं गाव कुणाचं यावर जेवढं बोलणं झालं, तेवढंच आमच्याकडं द्रविडवर झालं असेल, फक्त त्यावर कुठला आयोग बसला नाही. त्यामुळं तो टीममध्ये असणार यावर दोघांचं एकमत. प्रश्न एकच, दिवस कुठला?

"टाँटन," सर म्हणाले. 26 मे 1999, श्रीलंकेविरुद्ध 145. पुतण्या म्हणाला, त्या दिवशी गांगुलीनं 183 केले. "मग हैदराबाद," मामा म्हणाले. त्याच वर्षीचा नोव्हेंबर, न्यूझीलंडविरुद्ध 153. पुतण्यानं बघून सांगितलं, सचिन नाबाद 186. दोन्ही वेळा तीनशेच्या वर भागीदारी आणि दोन्ही वेळा मोठा आकडा समोरच्याचा. वनडे सोडून कसोटीत गेलो तर तिथंही कोलकात्यात 180, आणि लक्ष्मण 281. माणसानं इतकं खेळावं आणि दर वेळी दिवस दुसऱ्याच्या नावावर चढावा! नियमाप्रमाणं द्रविड बाहेर. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि सोप्यावर मराठी-कानडी दोघंही एकदम गप्प. दोघांवरही सारखाच अन्याय झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

मामांच्या नियमातली खोट तिथं मला दिसली. कोहलीचंही तेच झालं. होबार्टला 2012 मध्ये 86 बॉलमध्ये नाबाद 133 आहे, पण त्याचे असे दिवस इतके की त्यातला एक उचलला तर बाकीचे रुसतात. शेवटी तोही राहिला. रोज वेळेवर पाणी येणाऱ्या नळाबद्दल कोण बोलतं? आमच्या गल्लीत तर आठ दिवसांनी आलेल्या पाण्याचाच सोहळा होतो.

वर्ल्डकपचेच दिवस, गिलख्रिस्टचे 2007 च्या फायनलमधले 149, धोनीचे 2011 च्या फायनलमधले नाबाद 91, 1992 च्या फायनलला अक्रमचे दोन विकेट काढणारे ते लागोपाठचे दोन बॉल, 1979 च्या फायनलला गार्नरचे 38 रनमध्ये पाच. ही चार नावं भराभर लिहिली, कारण उजेड कमी होत चालला होता. यात दोन कीपर झाले हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

राहिली एक जागा, स्पिनरची. मी कुंबळे म्हटलं. 27 नोव्हेंबर 1993, ईडनवर हीरो कपचा फायनल, 12 रनमध्ये 6. माझ्या मते विषय संपला होता. शिवाय कुंबळे हे नावच कासरगोडकडच्या कुंबळा गावावरून आलेलं, आणि कासरगोडही बेळगावसारखंच सीमावादाच्या महाजन आयोगापुढं गेलेलं. म्हणजे सीमाभागाचा कोटाही भरत होता.

मामा मांडी बदलून बसले. "सुनील जोशी," म्हणाले.

मामा नोकरीत सात वर्षं गदगला होते. त्यामुळं गदगच्या पोराबद्दल ते बोलायला लागले की थांबवता येत नाही. पोरगा पहाटे गदगहून हुबळीला सरावाला जायचा आणि शाळेच्या वेळेला परत यायचा, इथपासून सुरुवात. मग नैरोबी, 26 सप्टेंबर 1999, समोर दक्षिण आफ्रिका. दहा ओव्हर, सहा मेडन, सहा रन, पाच विकेट. मामा हे आकडे शाळेत पाढे म्हणावेत तसे म्हणतात. "साठ बॉल, सहा रन. तू आमच्या गल्लीत टाकून दाखव की."

मी म्हटलं, फायनलमधले सहा मोठे की असल्या मॅचमधले पाच? मामा म्हणाले, "दिवस मोजालोय की मॅच?" मी सरांकडं बघितलं. दोघंही कर्नाटकचे, त्यांनी काय करावं? सरांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, कुंबळेला दुसऱ्या कुठल्याही टीममध्ये घेतील, जोशीला फक्त याच टीममध्ये जागा मिळेल. पुतण्यानं जोशी लिहिलं.

बारावा खेळाडू म्हणून पुतण्यानं गावसकर सुचवले. 7 जून 1975, लॉर्ड्स, 174 बॉल, नाबाद 36. "त्यांचाही एक दिवस आहेच की," म्हणाला, "आणि पाणी घेऊन आत जाताना तरी पळतील." मामा गावसकरभक्त. त्यांनी चिरमुऱ्यांची परात उचलून आत नेली ती परत आणलीच नाही.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मला वाटलं, गावसकरांवरून अजून तापलेत.

"अरे, कॅप्टन कोण ठरला?"

पत्रिका बघितली. कॅप्टन लिहायचा राहिला होता.

"उद्या येतो," म्हणाले. "सरांना सांगून ठेव. आणि चिरमुरे जरा जास्त आण."