गव्हाणीबाहेरचे पाय

आमच्या घरातल्या नाताळच्या गोठ्यात बाळयेशूचे पाय गव्हाणीच्या बाहेर येतात. संचातला मूळचा बाळ कधीतरी हरवला आणि दुसरा आणला, तो दोन बोटं मोठा निघाला. त्याच्याशेजारी गाढव शेळीएवढं दिसतं, आणि योसेफाच्या चेहऱ्यावरची काळजी जरा जास्तच खरी वाटते. खोका उघडला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, यंदा मापाचा बाळ आणू. तो काही येत नाही. आता तर ते पाय आत मावले तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

लहानपणी मला गव्हाण ही पाळण्याचीच एक जात वाटायची. चित्रांत ती असते तशीच: सोनेरी गवत, मंद उजेड, माशी औषधालाही नाही. पुढे कळलं की गव्हाण म्हणजे जनावरांनी तोंड घालायची जागा. त्या प्रदेशात दगडात कोरलेल्या गव्हाणी सापडल्या आहेत. गार, खडबडीत, काठाला लाळ वाळलेली. लूकने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, मरियेचं बाळंतपण एका वाक्यात उरकलं आहे, गव्हाण मात्र तीनदा सांगितली आहे. मेंढपाळांना देवदूत खूण देतो ती हीच: बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बालक. तारा आहे तो मत्तयाच्या शुभवर्तमानात, आणि तो पूर्वेकडच्या ज्ञानी मागी लोकांसाठी. मेंढपाळांना खूण द्यायची तर त्यांच्या ओळखीचीच हवी. शिवाय राजवाड्याच्या दारातून त्यांना हाकलून दिलं असतं. गोठ्यात शिरायला मेंढपाळाला कुणाला विचारावं लागतं?

गंमत म्हणजे आमच्या खोक्यातले बैल आणि गाढव लूकच्या गोष्टीत नाहीतच. ते आले यशया संदेष्ट्याच्या एका तक्रारीतून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझ्या लोकांना काही कळत नाही. म्हणजे ही दोन मुकी जनावरं तिथे शोभेला उभी नाहीत, टोमणा म्हणून उभी आहेत. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, करवून घेतला. मिस्सात भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, ही श्रद्धा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’. पुढे हाच बाळ मोठा होऊन ‘जीवनाची भाकर मीच आहे’ म्हणणार, आणि त्याला पहिल्याच रात्री निजवलं ते खाण्याच्या भांड्यात. हा धागा फ्रान्सिसला नक्की दिसला असणार, असं मला आपलं वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, बाळसुद्धा नाही. तिथे एवढंच आहे की शब्द देही झाला आणि आमच्यात राहिला. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं. ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकली, मान डोलावली आणि घरी आलो. देव माणूस झाला म्हणजे कुणीतरी तेजस्वी, शांत चेहऱ्याचा, संकटात धावून येणारा, असंच काहीसं डोळ्यांपुढे यायचं. मग एकदा नात्यातलं चार दिवसांचं बाळ कुणीतरी माझ्या हातात दिलं. देतादेताच तिथल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, “मान धर! मान धर!” मी तळहात डोक्याखाली नेला. तो एवढासा ऊबदार गोळा, आतून धुगधुगणारा, आणि ती मान! तिच्यात काहीच नव्हतं. मी हात काढला असता तर ती मागे पडली असती.

तेव्हापासून ‘रिक्त केलं’ म्हटलं की मला ती मान आठवते. ख्रिस्ती माणूस नाताळात जे मानतो ते एवढं विचित्र आहे, आणि आम्ही ते इतक्या गोड गाण्यांत गुंडाळतो की विचित्रपणा जाणवतच नाही. ज्याने आकाश ताणलं म्हणायचं, त्याला कूस बदलता येत नाही. भूक लागली तर रडण्यापलीकडे उपाय नाही. योसेफाचा हात घसरला असता तर? मरियेला झोप लागून गेली असती तर? देवाने एवढा भरवसा टाकला तो कुणावर, तर दमलेल्या दोन माणसांवर. माणसाने देवावर विश्वास ठेवावा, हे सगळेच सांगतात. उलट बाजूने ठेवलेल्या विश्वासाची ही रात्र मला जास्त अस्वस्थ करते.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींच्या प्राचीन चित्रांत हीच गव्हाण दगडी थडग्यासारखी रंगवलेली असते आणि बाळंतं प्रेतवस्त्रासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राग आला होता. आनंदाच्या दिवशी हे कशाला? आता येत नाही. हातात सोपवलेल्या बाळाचं माणसं पुढे काय करतात, हे त्या चित्रकारांना ठाऊक होतं.

आमच्याकडे २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते. बाळ खोक्यातच, कापसात. मध्यरात्रीच्या मिस्साहून आलो की मी त्याला बाहेर काढतो. गोठा जमिनीवर मांडलेला, त्यामुळे खाली बसावं लागतं आणि गुडघे कुरकुरतात. मातीची मूर्ती आहे, आरपार कडक, कुठे वाकत नाही की लवत नाही. तरी ठेवताना माझं एक बोट तिच्या मानेखाली जातं. मग पाय नेहमीसारखे बाहेर येतात, आणि मागून कुणीतरी म्हणतं, पुढच्या वर्षी मापाचा आणू.