इस्पितळाच्या पार्किंगची पावती आणि रात्रपाळीची नर्स

सरकारी इस्पितळाच्या गेटवर पावती फाडणाऱ्या पोराशी हुज्जत घालून कुणाचे पैसे वाचत नाहीत. दर त्यानं ठरवलेला नसतो. तो टेंडरच्या अटींत ठरतो आणि बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी, कुठंही जा, त्या अटी मागून वाचणारा माणूस विरळा. लोकांचा संताप खरा आहे आणि रास्तही. पण तो रोजंदारीवरच्या पोरावर निघतो आणि अटी आहेत तशाच राहतात.

ड्युटीवर येणाऱ्या माणसाकडून गाडी लावायचे पैसे घेऊच नयेत, हे माझं ठाम मत आहे. त्यातही सगळ्यात जास्त मार बसतो तो रात्रपाळीला. नर्सिंगच्या पाळ्या साधारण सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा असतात. फलकावर दर ‘दिवसाला’ एवढंच लिहिलेलं असेल आणि ठेकेदारानं दिवस म्हणजे कॅलेंडरची तारीख धरली, तर रात्री आठला लावलेली स्कूटी सकाळी काढताना दोन दिवसांची होते. समजा टू-व्हीलरला दिवसाला 10 रुपये. महिन्याला 26 ड्युट्या, त्यातल्या 8 रात्रीच्या, तर 260 च्या जागी 340 रुपये जातात. यावर उपाय एका ओळीचा आहे: दर ‘आत आल्यापासून 24 तास’ असा लिहायचा आणि पावतीवर तारखेसोबत वेळही छापायची.

‘मग बसनं या’ हे उत्तर तयार असतं. शक्ती योजनेत 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, हे खरं. पण दुपारपाळी सुटते आठला, चार्ज देऊन बाहेर पडेपर्यंत साडेआठ होतात, आणि आडगावची शेवटची गाडी तोवर गेलेली असते. चंदगडकडून येणारी नर्स महाराष्ट्राची रहिवासी, म्हणजे तिला शक्ती लागूच नाही. गाडी तिच्यासाठी चैन नव्हे.

दुसरा घोळ ‘कर्मचारी’ या शब्दात होतो. करारात ‘इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांना सूट’ एवढंच असलं, तर ठेकेदाराची माणसं कायम नोकरीवाल्यांनाच सोडतात. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, ग्रुप डीतली आउटसोर्सची माणसं यांच्या ओळखपत्रावर एजन्सीचं नाव असतं, म्हणून त्यांना पावती. ज्यांचा पगार सगळ्यात कमी, नेमके तेच पैसे भरतात. इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींचंही तेच. अटीत या सगळ्यांची नावं घ्यावी लागतात: कायम, कंत्राटी, आउटसोर्स, इंटर्न, विद्यार्थी.

स्टिकरची पद्धत चांगली, पण नुसतं स्टिकर वाटलं की ते महिन्याभरात नातेवाइकांच्या गाड्यांवर दिसू लागतं आणि मग ठेकेदार सगळ्यांचीच सूट बंद करतो. स्टिकरवर गाडीचा नंबर लिहावा. एका माणसाला दोन नंबर नोंदवू द्यावेत, कारण घरात एक गाडी बंद पडली की भावाची घेऊन यावं लागतं. मुदत ठेक्याच्या मुदतीएवढी ठेवावी.

इंग्लंडमध्ये हा वाद आपल्याहून जुना आहे. कोविडच्या काळात तिथल्या सरकारी इस्पितळांतल्या स्टाफला पार्किंग मोफत होतं, ते 31 मार्च 2022 ला संपलं. तरी चार गटांची सूट राहिली: रात्रपाळीचा स्टाफ, अपंग, वारंवार ओपीडीला यावं लागणारे पेशंट आणि रात्री भरती असलेल्या आजारी मुलांचे आईबाप. ही यादी आपल्याकडच्या निवेदनात जशीच्या तशी घालण्यासारखी आहे. स्कॉटलंडनं 2008 च्या शेवटी पार्किंगचे पैसे बंद केले, पण खासगी कंपन्यांशी आधीच लांब मुदतीचे करार झालेल्या तीन इस्पितळांत पैसे घेणं चालूच राहिलं. तिथं सरकारला पैसे मोजून करार संपवावे लागले, तेही 2021 मध्ये. म्हणून मागणी करायची ती नवं टेंडर निघायच्या आधी. करारावर सही झाल्यावर ठेकेदार नुकसानभरपाई मागतो आणि अधिकारी हात वर करतात.

पेशंटच्या माणसांसाठी एकच मोठी तक्रार सांगतो. औषध आणायला, रक्तपेढीत, डबा घ्यायला एकाच दिवसात तीन-चारदा बाहेर जावं लागतं आणि दरवेळी नवी पावती फाडली जाते. एकाच पावतीवर 24 तासांत कितीही वेळा ये-जा करता आली पाहिजे, हीसुद्धा अटच असायला हवी. पावती नीट बघा: ठेकेदाराचं नाव, अनुक्रमांक, गाडीचा नंबर आणि वेळ हवी. जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर हवाच, कारण नोंदणी नसलेल्याला तो कर घेता येत नाही. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ या छापील ओळीनं लगेच खचू नका. किल्ली ताब्यात घेतलेली गाडी चोरीला गेली तर नुसत्या अशा ओळीवर हॉटेलाला हात झटकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ताज महाल हॉटेलच्या खटल्यात म्हटलं. किल्ली तुमच्याच खिशात असेल तर बाजू तेवढी भक्कम राहत नाही.

कराराचा कागद मिळतो माहिती अधिकारात. कर्नाटकाच्या नियमानुसार अर्ज साधारण 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात. ‘पैसे का घेता?’ असं विचारू नका. कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. चालू ठेक्याच्या कराराची अटींसह प्रत, दरमंजुरीच्या आदेशाची प्रत, सूट असलेल्यांची यादी, ठेका संपण्याची तारीख, ठेकेदारानं भरलेली रक्कम आणि ती कुठल्या खात्यात गेली, एवढंच मागा. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, बीपीएलला माफ. प्रतीला पानामागे 2 रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे मराठीतला परत येऊ शकतो, पण कन्नड लिहिता येत नसलं तरी हिंदीतला चालतो. सीमाभागात ही वाट फार कमी लोक वापरतात.

निवेदन मात्र मराठीतच द्या. घटनेच्या कलम 350 नुसार तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. दरफलक कन्नडसोबत मराठीतही लावा, ही मागणी त्यातच घाला. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेतच ठरलेलं आहे. निवेदन इस्पितळाच्या प्रमुखांना आणि इस्पितळाच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या आरोग्य रक्षा समितीला, एक प्रत डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाला. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढं राज्य सरकारच्या 1902 या तक्रार हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना तो नंबर आणि तारीख सांगता येते.