11 इंचांची फट

गेल्या आठवड्यात हातात आलेला एक प्रिंट डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या दैनिकाचे जुने फोटो आम्ही स्कॅन करतोय. आधीच्या यादीत नोंद होती, ‘युद्धनौका, सुएझ कालवा’.

आमच्याकडे फोटो आधी पालथा घालायचा. सगळं मागेच असतं: डिंकाने चिकटवलेली मजकुराची पट्टी, किती कॉलमांत छापायचा ते आकडे, तारखेचा शिक्का. हा शिक्का बहुतेक वेळा छापल्याच्या दिवसाचा असतो, फोटो काढल्याचा नाही. नवीन माणसं इथे हटकून फसतात. यादी करणाऱ्याने तर प्रिंट उलटलाच नव्हता. पुढून नीट पाहिलं असतं तरी पुरे होतं. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, वर रुळांवर दोरखंडांनी जहाज धरून चालणारी विजेची इंजिनं. सुएझला लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, नाहीतच! पट्टीचा उरलेला तुकडा वाचला: ‘मिसूरी’, मिराफ्लोरेस लॉक, पनामा, 13 ऑक्टोबर 1945. जपानच्या शरणागतीवर 2 सप्टेंबरला जिच्या डेकवर सह्या झाल्या ती नौका, न्यूयॉर्कच्या वाटेवर.

लॉकची रुंदी 110 फूट. मिसूरीची 108 फूट 2 इंच, आणि तीही पनामातून जाता यावं म्हणूनच तेवढ्यावर ठेवलेली. मधोमध धरली तर दोन्हीकडे उरतात 11-11 इंच.

फोटोत मात्र माणूस उभा राहील एवढी फट दिसत होती. प्रिंट तिरक्या उजेडात धरला तेव्हा उलगडा झाला. छापण्याआधी फोटोवर रंगाने हात फिरवणाऱ्याने, म्हणजे रिटचिंग करणाऱ्याने, जहाजाच्या कडेने पांढरट रंगाची रेघ ओढली होती. त्याला दोष देणार नाही. वर्तमानपत्राच्या ब्लॉकची, म्हणजे फोटो छापायच्या ठशाची, ठिपक्यांची जाळी जाड, जहाजाची गडद बाजू आणि सावलीतली फट मिळून एकच डाग उठला असता. आणि हात काय स्थिर! वीतभर रेघ, कुठेही थरथर नाही.

सहकारी म्हणाला, “ओला कापूस फिरव, खरा फोटो मिळेल.” रंग निघालाही असता, पाण्यात विरघळणारा आहे तो. मी प्रिंट त्याच्यासमोरून उचलला. कुणाच्या तरी कामावर असा कापूस फिरवायला निघालेली माणसं आमच्या धंद्यात असावीत, याचा मला राग येतो. पण या फोटोतली खरी बातमी म्हणजे ती 11 इंचच, आणि नेमकी तीच रंगाखाली गेली आहे, हेही खरं.

रंगासकट स्कॅन केला. रेघ कुठून कुठवर आहे ते नोंदीत लिहिलं. त्यानंतर तीनदा प्रिंट काढून भिंगाखाली धरलाय. पुढच्या तोफांच्या खाली एका जागी रंगाचा पोपडा उडालाय. तिथे जहाज आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ आहे.