आजऱ्याची साल

रविवारी आजऱ्याचे मामा आले. एका हातात गुळाची ढेप, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत पेपरात गुंडाळलेली झाडाची साल.

"नरक्या हाय. उकळून पाज आक्काला. ह्यापासनंच क्यान्सरचं औषध करत्यात."

पंचाईत अशी की मामा खोटं बोलत नव्हते. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरच्या काही औषधांचं मूळ द्रव्य. म्हणूनच तर तो चोरून तोडून पार संपवत आणलाय. आईला दर बुधवारी चढवतात ते केमोचं औषध, पॅक्लिटॅक्सेल, तेही मुळात सालीतलंच. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली होती, त्यातून मनरो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. कॅम्प्टोथेसिनही त्याच जोडीनं शोधलं, १९६६ मध्ये, एका चिनी झाडात. वाणी मूळचे नंदुरबारचे, हे सांगितल्यावर मामा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे आपलाच माणूस की!"

"व्हय मामा, पण त्यांनी काढा नाही केला."

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात ते मिसळतात, आणि त्या द्रावणाचीच ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी वेगळी इंजेक्शनं. नळीसुद्धा साधी चालत नाही. हे सगळं मी सलाईनचे थेंब मोजत बसल्या बसल्या सिस्टरांना विचारून घेतलेलं. कॅम्प्टोथेसिनचं तर आणखी वाईट. सत्तरच्या दशकात पेशंटना देऊन बघितलं, तर मूत्राशयाला इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. आज वापरतात ती टोपोटेकान, इरिनोटेकान म्हणजे त्याच रेणूत फेरफार करून केलेली औषधं. आणि काढ्यात किती उतरलं, हे पातेल्याकडं बघून कुणाला कळणार? त्यात केमो चालू असताना!

मामा जरा हिरमुसले. यूचं औषध आता पानांतल्या द्रव्यापासूनही करतात, सालीसाठी झाड मारावं लागत नाही, असं म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "मग आमच्या नरक्याचं बी तसं कायतरी बघा म्हणावं."

आई इतका वेळ गप्प होती. तिनं एक तुकडा उचलला, अंगठ्यानं चोळला, परत चोळला. औषधानं बोटांना मुंग्या येतात तिच्या, हल्ली पोलक्याचे हूकही मीच लावते.

"खरखरीत हाय का गं?" तिनं विचारलं. "मला कळंना झालंय."