जिमचा फॉर्म आणि न दिलेलं दुसरं पान

पुण्यात कोथरूडमधल्या एका जिमने नाव नोंदवताना जो आरोग्याचा फॉर्म हातात ठेवला, त्याचा राग अजून गेलेला नाही. फॉर्म चुकीचा नव्हता, अर्धाच होता. कॅनडात तयार झालेल्या ‘पार-क्यू प्लस’ प्रश्नावलीचं तेवढं पहिलं पान झेरॉक्स करून ठेवलेलं. त्यावर सात प्रश्न: हृदयविकार किंवा बीपी, छातीत दुखणं, गेल्या 12 महिन्यांत चक्कर येऊन तोल जाणं किंवा शुद्ध हरपणं, इतर जुनाट आजार, त्यांची चालू औषधं, हाडं-सांध्यांची तक्रार, आणि ‘डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्यायाम करा’ असा पूर्वी मिळालेला सल्ला. सगळीकडे ‘नाही’ असेल तर विषय संपला.

माझी बीपीची गोळी चालू आहे, म्हणून ‘हो’वर खूण केली. काउंटरवरून लगेच, “मग फिटनेस सर्टिफिकेट आणा, काका.” आणि वर हळूच, “नाहीतर ‘नाही’ लिहा ना, बीपी तर नॉर्मलच आहे म्हणताय.”

गोळीमुळे नॉर्मल आहे, म्हणजे उत्तर ‘हो’च. पण मूळ फॉर्मवर ‘हो’चा अर्थ ‘सर्टिफिकेट आणा’ असा नाहीच. ‘पुढची दोन पानं भरा’ असा आहे. तिथे बीपीबद्दल दोनच गोष्टी विचारल्यात. औषधं घेऊनही बीपी आटोक्यात ठेवणं जड जातंय का? आणि बसल्या जागी ते 160/90 किंवा त्याहून वर असतं का? या दुसऱ्या प्रश्नापुढे सूचना आहे: आपलं बीपी माहीत नसेल तर ‘हो’ लिहा. अख्ख्या फॉर्ममधली सर्वांत शहाणी ओळ हीच, आणि नेमकी तीच झेरॉक्समधून गळलेली. या पानांवरची सगळी उत्तरं ‘नाही’ आली, तर हलक्या ते मध्यम व्यायामाने, आठवड्यातून 3 ते 5 दिवस, 20 ते 60 मिनिटं, सुरुवात करता येते. एखादं जरी ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टर किंवा जाणकार प्रशिक्षक.

उलट सर्टिफिकेट कसं मिळतं? दंडाला पट्टाही न बांधता ‘जिमसाठी फिट’ आणि शिक्का. त्या कागदावर आकडा नसेल तर त्याची किंमत शून्य.

म्हणून आकडा घरीच काढावा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो; साध्या यंत्राबरोबरचा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडासाठी असतो.

गोळीचं नावही प्रशिक्षकाला सांगा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल असेल तर नाडी हवी तेवढी वाढतच नाही, ट्रेडमिलवरचा ‘टार्गेट’ आकडा फसवा ठरतो. त्यापेक्षा बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम पुरे. लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात चक्कर येऊ शकते.

छातीच्या प्रश्नाला पुणेकरांचं ठरलेलं उत्तर: ‘ॲसिडिटी आहे.’ पर्वतीच्या पायऱ्या चढताना जळजळ किंवा आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, तर त्याला ॲसिडिटी म्हणू नका, आधी डॉक्टर. झोपून काढलेला ईसीजी अशा वेळी नॉर्मलही येऊ शकतो, त्यावर निश्चिंत होऊ नका.

मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर व्यायामानंतर साखर उतरते का, तेही पुढच्या पानांवर विचारलंय. साखरेच्या गोळ्या-बिस्किटं खिशात हवीतच.

हो, वयाचं राहिलं. 45 च्या पुढे असाल आणि दमछाक करणाऱ्या व्यायामाची सवय नसेल, तर सातही ‘नाही’ असूनसुद्धा पहिल्याच रविवारी आतकरवाडीतून सिंहगड नको; आधी जाणकाराला विचारा. सर्दी-तापात तर काहीच सुरू करू नका. भरलेला फॉर्म 12 महिने चालतो, पण मध्ये तब्येत बदलली की रद्द. चारही पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रिंट काढूनच काउंटरवर जा.