आमची वाटचाल: सहा संगणक, एकच पत्ता

२०११ साली कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि धाकट्या भावाने दुकान थाटलं. प्रिंटर दुरुस्ती, अँटिव्हायरस, टॅली बसवून देणं, एवढंच काम. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून वर्षभराच्या देखभालीची कामं मिळू लागली, तेव्हा कुठे पाय रोवले.

नेटवर्कचं काम मात्र आम्ही खऱ्या अर्थाने एका फाउंड्रीत शिकलो. ऑफिसात सगळं विंडोज, आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला लागणारे वेगवेगळे क्रमांक, वाटायलाही विंडोजचाच सर्व्हर. २०१९ मध्ये शॉपफ्लोअरसाठी आम्ही उबुंटू सर्व्हर १८.०४ (विंडोजऐवजी लिनक्सवरची प्रणाली) घातलेले सहा संगणक दिले. एक नीट तयार केला आणि त्याच्या डिस्कच्या पाच नकला मारल्या. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझरांचा फोन आला: "दुसरं सुरू केलं की पहिलं गप होतंय बघा."

आम्ही आधी केबल बदलली, मग स्विच. दोन्हींचं बिल लावलं. तिसऱ्या खेपेला भावाने दोन संगणक शेजारी ठेवून पत्ते बघितले. दोन्हींवर १९२.१६८.१.५७! मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा कारखान्यातूनच येणारा क्रमांक) वेगवेगळे, आणि सर्व्हरच्या डीएचसीपी यादीत, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांच्या यादीत, नोंद एकच. ओळखीच्या रकान्यात मॅकची बारा अक्षरं असायची, तिथे 'एफएफ'ने सुरू होणारी लांबलचक ओळ.

तिथे उलगडा झाला. उबुंटू सर्व्हरची ही आवृत्ती पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेला क्रमांक देते. मशीन-आयडी म्हणजे प्रत्येक संगणकाची वेगळी असायला हवी अशी ओळख; पण ती डिस्कवरचीच एक फाइल, नकलेबरोबर तीही जशीच्या तशी गेलेली. सर्व्हरच्या लेखी सहाही संगणक म्हणजे एकच गिऱ्हाईक. मॅकवर पत्ता राखून ठेवला असता तरी जुळला नसता.

प्रत्येक संगणकाची मशीन-आयडी नव्याने बनवली, नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक' ही ओळ घातली, सर्व्हरवरची जुनी लीज (दिलेल्या पत्त्याची नोंद) काढली आणि मग मॅकवर सहा पत्ते राखून ठेवले. संध्याकाळच्या पाळीला सहाही पडदे एकदम सुरू राहिले. ते बघत आम्ही दोघं तासभर तिथेच उभे होतो.

केबल आणि स्विचचे पैसे आम्ही परत केले. गरज नसलेल्या मालाचे पैसे ठेवून घेणं मनाला पटेना. स्विच मालकांनी ठेवून घेतला, तो आजही त्यांच्या पॅटर्न शॉपमध्ये चालतोय.

आता आम्ही सात जण आहोत. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्यापुढे एकाच डिस्कच्या दोन नकला आणि विंडोजचा सर्व्हर ठेवतो. केबलला हात न लावता दोष शोधायचा.